शेजारच्या उपनगरात गाडीने जायचंय? छोट्या फेरीची आखणी अशी करा

लांबच्या प्रवासाला निघताना आपण टायर बघतो, रस्ता बघतो, कुठे थांबायचं तेही ठरवतो. शेजारच्या उपनगरात जायचं असलं की मात्र किल्ली उचलायची आणि निघायचं. चार-पाच किलोमीटर तर आहे, त्यात आखायचं काय? मग दवाखान्यातली वेळ चुकते, क्लासच्या दारात मूल वाट बघत उभं राहतं, नाहीतर पोहोचल्यावर पार्किंगसाठी तीन चकरा होतात आणि सगळी घाई ब्रेक-ॲक्सिलरेटरवर निघते.

लांबच्या प्रवासात झालेला उशीर पुढे भरून काढायला जागा असते. छोट्या फेरीत ती नसते. ५ किलोमीटर अंतर ताशी ४० च्या सरासरीने गेलात तर साडेसात मिनिटं लागतात आणि ५० च्या सरासरीने गेलात तर सहा. म्हणजे सगळी धडपड करून हाती येतं दीड मिनिट, आणि तेवढं एखादा लाल सिग्नल सहज खाऊन टाकतो. माझं म्हणणं म्हणूनच असं आहे की, छोट्या फेरीत चालत्या गाडीचा वेळ कमी करायच्या मागे लागूच नका. वेळ जातो तो निघतानाच्या टोकाला, पोहोचतानाच्या टोकाला आणि मधल्या एखाद्या अडथळ्यावर. आखणी या तीन जागांची करायची.

आधी गाडी हवीच का, ते बघा

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारा. दीड किलोमीटर अंतर सावकाश चाललं तरी वीसेक मिनिटांत कापून होतं. तेच गाडीने करताना गाडी बाहेर काढणं, सिग्नलला थांबणं, पार्किंग शोधणं आणि तिथून परत चालत येणं धरलं, तर फरक फार उरत नाही. सामान नसेल, हवा बरी असेल आणि चालायला फुटपाथ असेल तर दोन किलोमीटरच्या आतल्या कामाला पाय किंवा सायकल बरी.

यात गाडीच्या तब्येतीचाही प्रश्न आहे. थंड इंजिन सुरू होताना पेट्रोल जास्त पितं. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही, त्यामुळे पहिल्या एक-दोन किलोमीटरचा धूर सगळ्यात घाण असतो. इंजिन पूर्ण तापायच्या आतच बंद झालं की इंधन जळताना तयार झालेली पाण्याची वाफ ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचून राहते. स्टार्टरने बॅटरीतून ओढलेली वीजही एवढ्या थोड्या वेळात पुरती भरून येत नाही. डिझेल गाडीत काजळी धरणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी बराच वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते, आणि नुसत्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते होतच नाही. गाडी प्रामुख्याने अशाच फेऱ्यांना वापरत असाल तर अधूनमधून तिला एक लांब चक्कर द्या आणि ऑइल बदलायचं ते नुसत्या किलोमीटरवर न जाता महिने मोजून बदला.

कामं एकत्र बांधा, आणि लांबचं आधी

शेजारच्या उपनगरात एकच काम असेल तर प्रश्न नाही. दोन-तीन असतील तर वेगवेगळ्या दिवशी तीन फेऱ्या करण्यापेक्षा ती एका फेरीत गुंफा. क्रम लावताना वेळ ठरलेलं काम आधी पक्कं करा आणि बाकीची त्याच्याभोवती बसवा. कुठल्याच कामाला वेळेचं बंधन नसेल तर सगळ्यात लांबचं काम पहिलं घ्या. तिथपर्यंत जाताना इंजिन तापतं आणि मग येता येता मधल्या थांब्यांवर ते गरम असतानाच पुन्हा सुरू होतं. कामं तीच आणि अंतर तेच असलं तरी इंधन कमी लागतं.

एक गोष्ट मात्र पाळा. ज्या बाजूची कामं त्याच बाजूला उरका. जाताना रस्त्याच्या या कडेची आणि येताना त्या कडेची. मधल्या मुख्य रस्त्याच्या पलीकडे जाऊन परत यायला लावणारं काम एका फेरीत बसत असलं तरी ते वेळ खातं.

नकाशावरचं अंतर आणि खरं अंतर

दोन उपनगरं एकमेकांना खेटून असली तरी त्यांचे रस्ते एकमेकांना भेटतातच असं नाही. तुमच्या इमारतीच्या गच्चीवरून पलीकडच्या वसाहतीतली खिडकी दिसते, सरळ रेषेत अंतर ४०० मीटर भरतं आणि गाडीने जायला तीन किलोमीटरचा वळसा पडतो. हे मुद्दाम केलेल्या रचनेचं फळ आहे. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत रॅडबर्न नावाची वसाहत उभी राहिली. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट या दोघांनी ती आखली. घरं बंद गल्ल्यांभोवती ठेवायची, म्हणजे परक्या गाड्या आत शिरणार नाहीत आणि मुलांना निर्धास्त खेळता येईल, हा त्यामागचा विचार. पुढे ही बंद गल्ल्यांची पद्धत जगभरच्या उपनगरांनी उचलली. गल्ली जोडरस्त्याला मिळते, जोडरस्ता मुख्य रस्त्याला मिळतो, आणि दुसऱ्या वसाहतीत जायचं तर मुख्य रस्त्यावर उतरण्यावाचून पर्याय राहत नाही. राहायला शांत खरं, पण शेकडो घरांच्या गाड्या मोजक्या दोन-तीन तोंडांतूनच बाहेर पडतात.

म्हणून नकाशा उघडल्यावर जागा शोधण्याआधी दोन उपनगरांच्या मधे काय आहे ते बघा. नदी किंवा नाला, रेल्वेमार्ग, महामार्ग, मोठं मैदान, कारखान्याची भिंत, काहीतरी असतंच. ते ओलांडायच्या जागा बोटावर मोजा: पूल किती, भुयारी मार्ग किती, रेल्वे फाटक किती. बहुतेक ठिकाणी हा आकडा दोन किंवा तीन निघतो. तुमची फेरी कितीही छोटी असली तरी ती याच दोन-तीन जागांपैकी एकीतून जाणार आहे, आणि दोन्ही उपनगरांतली बाकी माणसंही तिथूनच जाणार आहेत. आखणीतला सगळ्यात मोठा निर्णय हाच. कुठून ओलांडायचं ते ठरलं की बाकीचा रस्ता जवळपास आपोआप ठरतो.

प्रत्येक जागेचा स्वभाव वेगळा असतो. रेल्वे फाटक अंतराने जवळचं असलं तरी ते बंद असेल तर किती वेळ उभं राहावं लागेल ते गाड्यांच्या वर्दळीवर आहे, म्हणून वेळ ठरलेल्या कामाला फाटकावर भिस्त ठेवू नका. भुयारी मार्ग कोरड्या दिवसांत उत्तम. जोराच्या पावसात सगळ्यात आधी पाणी तिथेच भरतं. साधारण ३० सेंटिमीटर पाणी बऱ्याच छोट्या गाड्यांना तरंगवायला पुरेसं असतं आणि गढूळ पाण्याची खोली गाडीत बसून कळत नाही, तेव्हा पाऊस असेल तर पूल धरा. उड्डाणपुलाचा धोका वेगळा. तो कुठे उतरवतो ते आधी बघून ठेवा, कारण तुम्हाला हवं ते वळण पुलाखालीच राहिलं तर परत फिरायला पुढे बरंच जावं लागतं.

पहिली जागा ठरवा आणि दुसरी पर्याय म्हणून लक्षात ठेवा. पहिलीकडून दुसरीकडे वळायचं ते कोणत्या चौकात, तेही ठरवून ठेवा. तो चौक मागे पडल्यावर पर्यायाचा काही उपयोग नसतो.

ॲपला काय विचारायचं आणि काय नाही

कमीत कमी वेळाचा रस्ता शोधण्याची एक मूळ रीत डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९५६ मध्ये मांडली आणि १९५९ मध्ये ती छापून आली. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला एक किंमत द्यायची आणि बेरीज सगळ्यात कमी येईल ती वाट निवडायची. आजची ॲप्स त्याच्या कितीतरी पुढे गेली आहेत, पण प्रश्न तोच आहे. आणि ती किंमत ठरते मुख्यतः त्या तुकड्यावरून फिरणाऱ्या फोनांच्या वेगावरून. मुख्य रस्त्यावर फोन भरपूर, म्हणून तिथला अंदाज चांगला असतो. ज्या गल्लीतून फारशा गाड्याच जात नाहीत तिथे अंदाजाला आधार कमी, आणि छोट्या फेरीत गल्ल्यांचा वाटा मोठा. शिवाय तुम्हाला पार्किंग किती वेळात मिळेल, लिफ्टसाठी किती थांबाल, हे ॲपच्या हिशोबात नाही.

चार गोष्टी मात्र ॲपकडून आदल्या दिवशीच नीट काढून घ्या.

ठिकाणाची खूण बरोबर दारावर आहे का? हे मोठं करून बघा. ॲप बहुधा खुणेच्या जवळच्या रस्त्यावर नेऊन सोडतं, आणि उपनगरांत तो रस्ता कधीकधी कुंपणाच्या मागच्या बाजूचा निघतो. समोर इमारत दिसते पण मधे भिंत असते. उपग्रहाच्या चित्रात फाटक शोधा आणि खूण फाटकावर ठेवा.

त्या नावाचा रस्ता दोन्ही उपनगरांत आहे का? शेजारच्या वसाहतींत शाळा रस्ता, उद्यान मार्ग अशी नावं दोन्हीकडे असायचीच. निवड करण्याआधी नावापुढे उपनगर कोणतं लिहिलंय ते वाचा.

त्या वारी, त्या वेळी किती लागतो? आत्ताचा वेळ बघून उपयोग नाही. पोहोचायची वेळ घालून विचारा. मग ॲप एक आकडा न देता बहुधा एक पल्ला देतं, समजा १० ते १८ मिनिटं. त्यातला मोठा आकडा आपला.

रस्ता उतरणीला किंवा पुलाखाली शिरतो का? भुयारी मार्गात उपग्रहाचा सिग्नल तुटतो, आणि एकावर एक रस्ते असतील तर आपण वर आहोत की खाली हे फोनला पटकन उमगत नाही. तिथलं वळण आवाजाची वाट न बघता तोंडपाठ हवं.

एवढ्या छोट्या रस्त्याला तसाही पाठ करायला वेळ लागत नाही. पुलापर्यंत सरळ, पुलानंतर दुसरं वळण, शाळा मागे टाकून गोल चौक, तिथून तिसरा रस्ता. निघण्याआधी हे एकदा मोठ्याने म्हणा. पाच मिनिटांच्या रस्त्यासाठी दहा वेळा पडद्याकडे बघण्याची गरजच मग उरत नाही.

वळणं मोजा

किलोमीटरपेक्षा मी वळणांकडे जास्त बघतो. सगळी वळणं सारखी नसतात. समोरून येणाऱ्या गाड्यांची रांग कापून घ्यावं लागणारं वळण सगळ्यात महाग. जिथे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात तिथे ते उजवं वळण, आणि उजवीकडून चालतात तिथे डावं. यूपीएस ही अमेरिकेतली मोठी पार्सल कंपनी आपल्या गाड्यांचे रस्ते आखताना अशी डावी वळणं होता होईल तो टाळते. थोडं अंतर वाढलं तरी वेळ, इंधन आणि अपघाताचा धोका कमी होतो, हे त्यामागचं कारण.

तुमच्या फेरीत हे कुठे लागू पडतं ते बघा. वसाहतीच्या तोंडाशी, सिग्नल नसलेल्या जागी, भरल्या मुख्य रस्त्यावर गाडी आडवी घालायची असते. तुम्ही नाक बाहेर काढून उभे. डावीकडे बघता, रस्ता मोकळा. उजवीकडे बघेपर्यंत डावीकडून बस येते. बस गेली की तिच्या आडून दुचाकी येते. मागचा हॉर्न वाजवायला लागतो. तुम्हाला वाटतं आता मागच्याला फार थांबवलं, आणि नेमक्या त्या क्षणी अपुऱ्या फटीत गाडी घातली जाते. हा प्रसंग कौशल्याने सोडवण्यापेक्षा आखणीतूनच काढून टाका. सोप्या बाजूला वळा, पुढच्या सिग्नलवरून किंवा गोल चौकातून फिरून या. ५०० मीटर वाढतील, पण थांबणं बहुधा कमीच होईल आणि घाबरून निर्णय घ्यावा लागणार नाही. गाडी नव्याने शिकलेल्यांनी आणि ज्येष्ठांनी तर रस्ता याच एका कसोटीवर निवडावा.

आतल्या गल्ल्यांतून शॉर्टकट मारायचा मोह होतो. दीट्रिश ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलं की रस्त्यांच्या जाळ्यात एक नवी वाट जोडली आणि प्रत्येकाने आपापल्या सोयीने ती धरली, तर कधीकधी सगळ्यांचाच वेळ वाढतो. आतल्या गल्लीचं तसंच होतं. ॲप एकाच वेळी अनेकांना तीच गल्ली सुचवतं, गल्लीच्या शेवटी सगळे परत मुख्य रस्त्यावर यायला रांग लावतात, आणि त्या रांगेमुळे मुख्य रस्ताही अडतो. वर तिथे राहणाऱ्यांच्या दारातून भरधाव गाड्या. गल्ली ही तिथे राहणाऱ्यांची जागा आहे. तिथे आपलं काम असेल तर जावं, मिनिट वाचवायला जाऊ नये.

वेळ उलटी मोजा

आता कागद घ्या. वेळ मोजायची ती निघण्यापासून पुढे न मोजता, पोहोचण्यापासून मागे. समजा साडेचार किलोमीटरवर दवाखाना आहे आणि वेळ १०:३० ची आहे.

नोंदणी करून खुर्चीत बसलेलं असायला हवं १०:२५ ला. गाडीपासून काउंटरपर्यंत चालणं, लिफ्ट आणि नोंदणी मिळून ५ मिनिटं, म्हणजे गाडीला कुलूप १०:२० ला. पार्किंग शोधायला आणि लावायला ६, म्हणजे दवाखान्याच्या रस्त्यावर १०:१४ ला. ॲप म्हणतं १३ मिनिटं, त्यात ओलांडायच्या जागेसाठी ५ जास्तीची, म्हणजे वसाहतीच्या फाटकातून ९:५६ ला बाहेर. आणि घराच्या दारापासून फाटकापर्यंत, म्हणजे चप्पल-बूट, लिफ्ट, मागचं दार, मुलाचा पट्टा, काच पुसणं, गाडी मागे घेणं, ७ मिनिटं. घराचं दार ओढून घ्यायचं ९:४९ ला.

१३ मिनिटांच्या रस्त्याला घरापासून ४१ मिनिटं. आकडा बघून जास्त वाटेल, पण यात एकही मिनिट उगाच धरलेलं नाही. तुमच्या नेहमीच्या ठिकाणासाठी एकदा घड्याळ लावून ही टोकं मोजा, आणि ते आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. ती फारशी बदलत नाहीत. बदलतो तो मधला रस्ता, म्हणून जास्तीचा वेळ सगळीकडे थोडाथोडा न शिंपडता ओलांडायच्या जागेवर आणि पार्किंगवर ठेवायचा.

शाळा भरायच्या आणि सुटायच्या आधी-नंतरचा अर्धा तास टाळता आला तर टाळा. वाटेत एकच शाळा असली तरी तो अर्धा तास वेगळा असतो. रस्ता अगदी पूर्व-पश्चिम असेल तर सूर्याचंही बघा. सकाळी पूर्वेकडे आणि संध्याकाळी पश्चिमेकडे जाताना सूर्य क्षितिजाजवळ असला की तो थेट डोळ्यांवर येतो, आणि मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास तर तो बरोबर रस्त्याच्या टोकाशी उगवतो आणि मावळतो. काच आतून पुसलेली असेल तर झगमगाट बराच कमी होतो. बाहेरून सगळे पुसतात, आतून कोणी पुसत नाही.

निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी

मिनिटभराचं काम. टायर डोळ्यांनी बघा, एखादा बसलेला दिसला तर कळतो. हवेचा दाब मात्र गाडी थंड असतानाच मोजायचा. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की दाब साधारण १ पीएसआयने कमी होतो, त्यामुळे थंडी सुरू झाली की एकदा भरून घ्या. दिवे आणि इंडिकेटर चालतात ना, गाडीच्या मागे कोणी मूल, सायकल, प्राणी नाही ना, हे बघून मगच बसा. गाडी मागे घेताना आरशात आणि कॅमेऱ्यातही न दिसणारी जागा उरतेच, म्हणून ही फेरी पायी मारायची.

इंजिन तापवत उभं राहायची गरज आताच्या पेट्रोल गाड्यांना नाही. अर्ध्या मिनिटात निघा आणि पहिला किलोमीटर हलक्या पायाने चालवा. विजेवरची गाडी असेल तर थंडीच्या दिवसांत चार्जरला लावलेली असतानाच आतली हवा गरम करून घ्या. छोट्या फेरीत बॅटरीतली बरीच वीज आतली हवा तापवण्यातच जाते.

पट्टा सगळ्यांचा, मागच्या सीटवरच्यांचाही. आज आपण लावतो तो तीन ठिकाणी अडकणारा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिन या अभियंत्याने १९५९ मध्ये आणला, आणि कंपनीने त्याचं पेटंट बाकीच्या कारखान्यांना खुलं केलं. ‘इथेच तर जायचंय’ म्हणून तो न लावणारे आपल्या घरातच असतात. अंतर कितीही कमी असलं तरी धडक वेगाच्या हिशोबाने बसते, तेव्हा पट्टे लागल्याशिवाय गाडी हलवायची नाही असा नियमच करून टाका. मूल कडेवर घेऊन बसणं तर अजिबात नको, मुलाची सीट बांधूनच.

रस्त्यावर

उपनगरातल्या रस्त्यावर वेगाचा खरा हिशोब थांबण्याचा आहे. ताशी ५० वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. समोर चेंडूमागे मूल धावत आलं, तर ते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात १४ मीटर संपले, आणि कोरड्या रस्त्यावर कचकचून ब्रेक दाबला तरी थांबायला आणखी तितकेच लागतात. ताशी ३० वेगाने तीच गाडी पहिल्या सेकंदात ८ मीटर जाते आणि पुढच्या ५ मीटरमध्ये उभी राहते. म्हणजे १३ मीटरवर ३० वाली गाडी थांबलेली असते, तेव्हा ५० वाल्या गाडीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. घरांमधल्या रस्त्यावर ३० च्या वर जाऊ नका असं सांगण्यामागे एवढं साधं गणित आहे. फेब्रुवारी २०२० मधल्या रस्ता सुरक्षेच्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही, जिथे पादचारी, सायकली आणि गाड्या एकत्र येतात तिथे ताशी ३० ही मर्यादा धरायला सांगितलं आहे.

दोन सेकंद फोनकडे बघणं म्हणजे ५० च्या वेगाने २८ मीटर डोळे मिटून जाणं. ‘निघालो’ हा निरोप गाडी हलायच्या आधी पाठवा, ‘पोहोचलो’ गाडी थांबल्यावर.

दोन उपनगरांची हद्द ओलांडली की कारभार बदलू शकतो. वेगमर्यादा, एकदिशा रस्ते, पार्किंगचे वार, कचऱ्याच्या गाडीची वेळ हे सगळं पलीकडे वेगळं असू शकतं. रस्ता तोच दिसतो म्हणून नियम तोच धरू नका, हद्दीनंतरचा पहिला फलक वाचा. आणि ओळखीच्या रस्त्यावर जास्त सावध राहा. रोजच्या चौकात आपण समोर असलेलं बघण्याऐवजी सवयीचं बघतो, मग नवा गतिरोधक किंवा कालपासून बदललेली दिशा नजरेतून निसटते.

पार्किंग आधी ठरवा, दार नंतर

ठिकाणाच्या दारासमोर जागा मिळेल ही आशा सोडा. नकाशावर दारापासून तीन-चार मिनिटांच्या चालीवर एक खात्रीची जागा शोधून ठेवा आणि थेट तिथेच जा. दारासमोरून ‘मिळाली तर मिळाली’ म्हणत घातलेली चक्कर एकदाच चालेल. दुसरी चक्कर घालायची नाही. सोबत ज्येष्ठ व्यक्ती असेल तर त्यांना दारात उतरवा, पण उतरवायची जागाही आधी बघून ठेवा, म्हणजे भर रस्त्यात गाडी थांबवून घाईघाईने उतरवावं लागणार नाही.

गाडी शक्यतो मागे घेऊनच लावा. येताना थोडा वेळ जातो, पण निघताना समोर बघत बाहेर पडता येतं. रस्त्याच्या कडेला लावलीत तर दार उघडताना दाराकडच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने उघडा. शरीर आपोआप वळतं, नजर मागे जाते आणि येणारी सायकल किंवा दुचाकी दिसते. ही सवय मुलांनाही लावा, मागची दारं तीच उघडतात.

परतीचा रस्ता वेगळा आखा

जातानाचाच रस्ता उलटा धरायचा, असं बहुतेकांचं गृहीत असतं. पण सोपं वळण परतताना अवघड होतं, एकदिशा गल्ली उलटी मिळत नाही, आणि सकाळी मोकळी असलेली बाजू संध्याकाळी भरलेली असते. ओलांडायची जागाही बदलावी लागेल. ॲपमध्ये परतीची वेळ घालून हा रस्ता स्वतंत्र बघा आणि अंधार पडणार असेल तर दिवे असलेला रस्ता धरा.

दवाखान्याचं काम असेल तर अजून एक गोष्ट फोनवर आधी विचारून घ्या. डोळे तपासताना बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर पुढे काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. गुंगीचं औषध दिलं तर त्या दिवशी स्टिअरिंगला हात लावायचा नाही. अशा वेळी गाडी चालवत आणणारं दुसरं माणूस निघतानाच सोबत घ्या, नाहीतर त्या दिवशी गाडी घरीच ठेवून भाड्याच्या गाडीने जा.